सत्त्वाचं गाडगं

आमच्या जुन्या घरात जात्याच्या मागं उतरंड होती. तळाला मोठा डेरा, त्यावर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान, अशी सहा गाडगी एकावर एक. डेऱ्यात बाजरी, वर हुलगा, मटकी, मग मीठ, मग वाळल्या मिरच्या. सगळ्यात वरचं गाडगं नारळाहून थोडं मोठं. त्याच्या तोंडावर पांढरं फडकं, फडक्याला सुताचा दोरा आणि वर मातीची येळणी. त्यात गव्हाचं सत्त्व असायचं. बाकीच्या गाडग्यांत पोरांनी हात घातला तर शिव्या मिळायच्या. याला हात लावला तर मार मिळायचा.

आता पोरं सूप दाट करायला कॉर्नफ्लॉवर वापरतात. तेही सत्त्वच, मक्याचं. काम एकच. थंड पाण्यात कालवायचं, चुलीवर हलवत राहायचं, पाणी धरून बसतं. पण आमच्याकडं आमटी दाट करायला कुणी सत्त्व काढत नव्हतं. आमटीला शेंगदाण्याचं कूट होतं, नाहीतर चिमूटभर ज्वारीचं पीठ. सत्त्व फक्त तान्ह्या पोराला, बाळंतिणीला आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला. गावात कुणाच्या घरी सत्त्व शिजतंय म्हटलं की शेजारीण विचारायची, "कोण आजारी हाय गं?"

श्रावणात देवळात कीर्तन व्हायचं. श्रियाळ राजाचं आख्यान लागलं की बुवा सांगायचे, महादेव राजाचं सत्त्व बघायला आला. मी लहान. मला वाटायचं, महादेवानं उतरंडीवरचं गाडगं उतरवून, फडकं सोडून, सत्त्व चांगलं हाय का किडलंय ते बघितलं असणार. पुढं चिलया बाळाचं ऐकल्यावर माझी झोप उडाली, पण गाडग्याचं डोक्यातनं काही गेलं नाही.

आमचं गाव माणदेशातलं. पावसाचं नाव घ्यायला पाहुण्यासारखी आदबीनं भाषा लागते असा मुलूख. गहू आमच्यात पिकत नव्हता म्हटलं तरी चालेल. आईचं माहेर कृष्णाकाठचं. तिथल्या काळ्या रानात खपली गहू व्हायचा आणि मामा वर्षाला दोन पायल्या आणून टाकायचा. खपलीचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं, नुसत्या मळणीनं सुटत नाही, उखळात कांडावं लागतं. चैत्र सरला की आई आणि आजी दोघी कांडायला बसायच्या.

कांडलेला गहू तीन दिवस भिजत घालायचा. रोज सकाळी पाणी बदलायचं. दुसऱ्या दिवसापासनं आंबूस वास सुटतो, त्याला घाबरायचं नाही, पाणी मात्र चुकवायचं नाही. चौथ्या दिवशी पाट्यावर वाटायचा, पाण्यात कालवून लुगड्याच्या धुतल्या फडक्यातनं पिळायचा. चोथ्याच्या भुसवड्या व्हायच्या. गाळलेलं दुधासारखं पाणी पितळी परातीत रातभर हलवाहलव न करता ठेवायचं. सकाळी वर पिवळसर निवळी आणि तळाला पांढराशुभ्र चीक, असा घट्ट की परात तिरकी केली तरी हलत नाही. हाच चीक शिजवून सोऱ्यातनं घातला की कुरडया. आणि न शिजवता पांढऱ्या फडक्यावर पसरून कडक उन्हात वाळवला, खडे फोडून चाळला, की सत्त्व.

वाळवणाचे ते दिवस फार जिकिरीचे. वैशाखात वळवाचं आभाळ आलं की बायकांची पळापळ. ओलसर चीक एक दिवस आभाळात सापडला की आंबतो आणि मग कितीही ऊन दाखवा, वास जात नाही. आजी म्हणायची, सत्त्व खराब हुतंय ते गाडग्यात न्हाय, फडक्यावर. अर्धं ओलं आत गेलं की वर्ष काढणार नाही. मला आज वाटतं, साठवणुकीचं निम्मं ज्ञान त्या एका बोलण्यात होतं.

माझा एक पुतण्या कॉलेजात शिकवतो. त्यानं एकदा वाचून दाखवलं की दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी रोममध्ये केटो नावाच्या माणसानं शेतीवर पुस्तक लिहिलं आणि त्यात गव्हाचं सत्त्व काढायची कृती आहे. गहू निवडून पाण्यात घालायचा, दिवसातनं दोनदा पाणी घालायचं, दहाव्या दिवशी पिळून, नव्या कापडातनं गाळून उन्हात वाळवायचं. आमचे तीन दिवस, त्यांचे दहा. तिकडं ऊन कमी असेल, दुसरं काय! सत्त्वाला ते लोक 'अमायलम' म्हणायचे, म्हणजे जात्यावर न दळलेलं. शाळेत स्टार्चला 'अमायलम' असंही म्हणतात हे आम्ही घोकलं होतं, पण त्या शब्दात जातं लपलंय हे कुणी सांगितलं नव्हतं. भिजवण, फडकं, ऊन, सगळं तेच. त्या केटोच्या घरातही एखादी म्हातारी आभाळाकडं बघत बसली असणार. पुस्तकात तिचं नाव नाही.

कोकणात हेच काम तवकिरीच्या कंदापासनं करतात. खिसायचा, धुवायचा, निवळायचा, वाळवायचा. दुकानात 'आरारूट' म्हणून मिळायचं ते परदेशी कंदाचं, पण लोक दोन्हीला एकच समजायचे. साबुदाणा हा त्यातला सगळ्यात धाकटा. दुसऱ्या महायुद्धात बाहेरनं माल यायचा थांबला आणि तमिळनाडूत सेलमच्या बाजूला टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा काढायचे कारखाने निघाले. तो स्वस्त झाला, एकादशीला बसला आणि आजाऱ्याच्या वाटीतही आला. घरोघरचं सत्त्व तिथनं मागं पडायला लागलं. विट्याच्या मागवाल्यांकडं मी लहानपणी सुताला खळ देताना बघितली आहे, तीही स्टार्चचीच. शिजलेली खळ दोन दिवसांत आंबते आणि कोरडं पीठ वर्षानुवर्षं टिकतं, यात खरी गोम आहे. पाणी लागलं की सत्त्व जिवंत होतं आणि जिवंत झालं की मरतं. हे माझं शास्त्र, कुणी हसलं तरी चालेल.

आजीची पारख सांगतो. ती आधी गाडगं उघडून नाक खाली न्यायची. चांगल्या सत्त्वाला वास नसतो. काही म्हणजे काही नाही. कुबट आला तर ओल, आंबट आला तर आंबलंय, मसाल्याचा आला तर कुणीतरी शेजारी मसाला ठेवलाय, आणि हा तिसरा दोष माफ. मग कोरड्या चिमटीत सत्त्व धरून कानाशी न्यायची आणि दोन बोटांत दाबायची. कोरडं सत्त्व करकर वाजतं. खरंच वाजतं, नवीन पुडा फोडून बघा. ओल धरलेलं मुकं होतं, दबतं आणि बोटाला चिकटून बसतं. गाठी असल्या तर लगेच टाकायची नाही. गाठ बोटानं चुरडायची. भुगा झाला आणि आत पांढरी निघाली तर ती नुसती दाबानं झालेली, चाळून घ्यायची. न फुटणारी, आत पिवळी नाहीतर राखी निघाली तर पाणी शिरलंय. काळा, हिरवा, गुलाबी, कसला का ठिपका दिसेना, गाडगं बाद. बारीक जाळी दिसली, सत्त्वाचे कण माळेगत लोंबायला लागले, तर अळी आहे. नुसत्या सत्त्वावर किडीचं फार भागत नाही, त्यात कोंडा नाही, तेल नाही. म्हणून ते गव्हाच्या पिठासारखं खवट, कडू होत नाही. कीड येते ती बहुतेक शेजारच्या पिठातनं. मग जिभेवर एक कण. चांगलं सत्त्व बेचव, गार लागतं आणि विरून जातं. आणि एवढं करूनही शंका राहिली तर चमचाभर शिजवून बघायचं.

ज्वारी-बाजरीत आम्ही कडुलिंबाचा पाला घालायचो, कडधान्याला राख चोळायचो. सत्त्वात यातलं काही चालत नाही, ते वास ओढतं आणि तान्ह्याच्या तोंडात कडू जातं. त्याला फक्त कोरडेपणा राखतो. चुलीपासनं लांब, वाफेपासनं लांब, भिंतीला न टेकता. आणि हात कोरडा.

आता बहात्तरचं सांगतो.

एकाहत्तरला पाऊस तोकडा झाला आणि बहात्तरला झालाच नाही. विहिरी तळाला गेल्या. आण्णा आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, मी बारा वर्षांचा, शाळा सुटली की मीही हातोडी घ्यायचो. रेशनला तांबडी मिलो आली. तिची भाकरी थापताना फाटायची आणि खाताना घशात अडायची. म्हैस छावणीला गेली. त्यातच दिवाळीच्या सुमाराला माझी धाकटी बहीण जन्मली. आईच्या अंगावर दूध असणार कुठनं? शेजारच्या शेळीचं पावशेर दूध मिळायचं, त्यात सत्त्वाची पातळ लापशी.

कृष्णाकाठ अगदी कोरडा पडला नव्हता. मामानं त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात एकच पायली खपली आणली. डोक्यावरनं, सहा कोस चालत, कारण एस. टी.त कुणी बघितलं तर मागेल म्हणून. प्यायला पाणी टँकरचं, तरी आजीनं त्या गव्हाला तीन दिवस पाणी दिलं. निवळीसुद्धा टाकली नाही, शेळीला पाजली. गाडगं निम्म्याहून थोडं जास्त भरलं. धाकटीला पाऊस येईपर्यंत पुरेल असा आजीचा हिशेब होता.

मृगाला पाऊस आला. गावातली म्हातारी माणसं अंगणात उभी राहून भिजली. आमचं घर माळवदाचं. दर वैशाखात माळवदावर नवी खारी माती टाकून चोपायची असते, त्या साली सगळे खडीवर, माती टाकली कुणी! रातभर घर गळलं. आम्ही भांडी लावत फिरलो. उतरंडीवर कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण वर येळणी होती.

येळणी होती, पण तिरकी होती. फडक्याचा दोरा सुटलेला होता. आणि तो मी सोडला होता.

त्या दुष्काळात गोड म्हणून तोंडात काही पडत नव्हतं. मे महिन्यात एका दुपारी घरात कुणी नसताना मी जात्यावर चढून गाडग्यात बोट घातलं. सत्त्व बेचव असतं हे वर सांगितलंच आहे, पण आठवड्यातनं कधीतरी आजी गुळाचा खडा द्यायची, तो मी राखून ठेवायचो आणि सत्त्वाबरोबर चघळायचो. तोंडात दाट, गोड व्हायचं. बोट चाटायचं, परत घालायचं. दोन-चार दिवसांआड असं चाललं होतं. पाऊस आला त्या दुपारीही मी चढलो होतो. बाहेर ढग वाजला, पोरं ओरडली, मी उडी मारून बाहेर पळालो.

तिसऱ्या दिवशी आईनं लापशीला गाडगं उतरवलं आणि हाक मारली, "आत्याबाई, जरा बघा की हे." आजीनं नाक लावलं आणि काही बोलली नाही. वरचा थर गोळा झाला होता, कडेला हिरवट ठिपके.

आई म्हणाली, "वरचं काढते. खालचं वाळवते. ऊन पडलंय आता."

"न्हाय."

"आत्याबाई, सगळं कसं टाकू? पोरीला घालू काय मग?"

आजीनं वाद घातला नाही. खालच्या थरातलं चमचाभर घेतलं, तांब्यात पाण्याशी कालवलं, चुलीवर धरलं. आम्ही सगळे बघत बसलो. सत्त्व शिजलं की आधी पांढरं असतं, मग काचेगत होतं आणि चमच्याला लपेटतं. ते लपेटलं नाही. ढवळ्या पाण्यागत पातळच राहिलं आणि आंबूस वास घरभर झाला. आजी म्हणाली, "बघ. ह्यात सत्त्व ऱ्हायलं न्हाय. ही माती हाय. मातीच घालायची तर अंगणात लई हाय."

मग तिनं गाडगं उचललं, परड्यात खड्डा काढला आणि पुरलं. उकिरड्यावर टाकलं असतं तर कुत्र्यांनी, कोंबड्यांनी खाल्लं असतं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत माणसांनीही. आई चुलीपुढं बसून रडली. तिनं आजीची माफी मागितली. म्हणाली, परवा घाईत मीच झाकण नीट लावलं नसंल. मी दारात उभा होतो. मी काही बोललो नाही.

त्यावेळी मला आजी कठोर वाटली. पुढं बऱ्याच वर्षांनी भुईमुगाच्या बुरशीवर शेतकरी मेळाव्यात ऐकलं की बुरशीचं विष वाळवून जात नाही, शिजवूनही जात नाही. वरचा ठिपका खरवडला तरी तिची मुळं खाली गेलेली असतात. आजीला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं कधीकाळी असं सत्त्व घालून बघितलं असेल का, कुणाच्या पोराला, हे मी तिला विचारायला पाहिजे होतं.

धाकटी जगली. कामावर पोरांना सुकडी मिळायची. मी माझ्या वाटणीची खायचो नाही, आई ती भिजवून, फडक्यातनं गाळून तिला पाजायची. सगळे म्हणाले, पोरगं किती शहाणं.

शहात्तरला मी दहावीला होतो. सरांनी स्टार्चचा प्रयोग दाखवला. तांदळाची पेज, त्यात आयोडीनचा थेंब, निळंकाळं झालं. दुसऱ्या नळीतल्या पेजेत एका पोराला थुंकायला लावलं, थोडा वेळ ठेवलं, मग थेंब टाकला. निळं झालंच नाही. लाळेनं स्टार्च मोडतो, म्हणून उष्टा चमचा खिरीत घातला की खिरीचं पाणी होतं, असं सर म्हणाले. आजी उष्ट्याचा एवढा विटाळ का मानायची याचं एक कारण कळलं. वर्ग हसत होता, माझ्या मात्र हाताचं बोट गार पडलं. आता समजतं की कोरड्या गाडग्यातल्या सत्त्वाला माझ्या थुंकीनं एवढं काही झालं नसणार. घात केला तो पाण्यानं, आणि पाण्याला वाट दिली ती तिरक्या येळणीनं. पण त्या दिवशी मला वाटलं, सगळं गाडगं मी थुंकून मोडलं.

मला पेपरात सत्तावन्न टक्के पडले. पुढं शिकायचं झालं नाही, शेतीत आलो.

थोरल्या पोराचं बिऱ्हाड पुण्याला आहे. मागच्या खेपेला गेलो तर सूनबाईंनी कॉर्नफ्लॉवरचा पुडा पुढं केला. "मामंजी, तारीख चार महिने मागं गेलीय. टाकू ना?" मी चिमूट कानाशी नेली. नातवंडं हसायला लागली. वाजलं. वास जरासा गरम मसाल्याचा. म्हटलं, ठेवा, पण गॅसच्या वरच्या फळीवर नको, भाताची वाफ रोज तिथंच जाते. आणि पुड्याला रबर लावून ठेवण्यापेक्षा घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत घाला. तारीख कारखान्यानं बंद पुड्याची लिहिलेली असते, फोडल्यावर पुढचा हिशेब आपला. त्यांनी फ्रीजमधनं दुसरा डबा काढला, जपून ठेवला होता बिचारीनं. फ्रीजमधनं काढला की थंड डब्याला घाम येतो, झाकण उघडलं की दमट हवा आत जाते, परत आत ठेवलं की तिचं पाणी होतं. तळाला खडा झाला होता. फोडला, आत पिवळा. तो टाकायला लावला. एवढ्या नव्या डब्याला नाही आणि जुन्या पुड्याला हो कसं, याचं सूनबाईंना नवल वाटलं.

आई २००९ साली गेली. येळणीचं तिला सांगायचं राहिलं. शेवटच्या दुखण्यात तिला गव्हाचं सत्त्वच चालत होतं, मी चमच्यानं भरवायचो, तेव्हा दोनदा जिभेवर आलं होतं.

धाकटी आता स्वतः आजी झाली. कृष्णाकाठच्याच गावी दिली आहे, खपली अजून करतात ते लोक. दर वैशाखात स्टीलचा डबा पाठवते. गेल्या भाद्रपदात तिचा फोन आला.

"दादा, नातीसाठी सत्त्व काढलं तर जरा वास येतोय. यंदा वाळवताना आभाळ आलं हुतं."

"चमचाभर शिजवून बघ. मी थांबतो."

फोनवर भांड्याचा आवाज, मग चुलीचा नाही, गॅसचा. बराच वेळ गेला.

"पातळच ऱ्हायलं रे."

"मग टाक."

"चांगलं दोन किलो हाय. वाळवून बघू का परत? पोरीला न्हाय, आमाला."

"टाक म्हटलं ना. पुरून टाक, कोंबड्यांना घालू नको."

ती जराशी गप्प झाली. म्हणाली, "आजीगत बोलतोस." आजी तिला आठवत नाही. ती तीन वर्षांची असताना आजी गेली.